वाघ्यासाठी घर पाहिजे

२०२३ सालच्या पावसाळ्यात आमच्या देवळाच्या सूचनाफलकावर, विवाहाच्या सूचना आणि धर्मशिक्षणाच्या वर्गाचे वेळापत्रक यांच्यामध्ये, एक कागद लावलेला होता. मिस्सा आटोपून बाहेर पडताना ज्यांनी तो वाचला त्यांस तो अजून आठवत असेल. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी त्यातील मजकूर येथे उतरून देतो :

"कुत्र्यास घर पाहिजे. नाव वाघ्या. वय अंदाजे दोन वर्षे. मागील दोन्ही पाय लुळे आहेत व पुन्हा चालतील अशी आशा नाही. लघवी आपली आपण होत नाही. दिवसातून चार वेळा पोट दाबून करवावी लागते. शी कोठेही होते. अंथरूण रोज धुवावे लागते. दर चार तासांनी कूस बदलावी लागते. घरात दिवसभर एक तरी माणूस हवे. भुंकतो फार, परंतु राखणीच्या उपयोगाचा नाही. स्वभावाने उत्तम."

असली जाहिरात वाचून कोण शहाणा येणार, असे आमच्या मंडळातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले. प्रश्न रास्त होता. पण हा कागद दुसरा होता. पहिला कागद याहून पुष्कळ गोड होता आणि सारा घोटाळा त्यानेच केला होता. तो घोटाळा आमच्या हातून कसा झाला आणि पुढे त्यातून वाट कशी निघाली, हे वाचकांस सांगावे, कारण असा प्राणी आज ना उद्या कोणाच्याही अंगणात येऊन पडू शकतो.

आमचे गाव खानापूर तालुक्यात, बेळगावहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून फार दूर नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, झिमझिम पावसात, शाळेतून परतणाऱ्या चार मुलांस रस्त्याच्या कडेला हा कुत्रा पडलेला दिसला. कोणत्या तरी वाहनाने त्यास उडविले होते. वाहन थांबले नव्हते. मुलांनी एक गोष्ट फार शहाणपणाची केली. त्यास पायांना धरून ओढले नाही. मोरीपाशी पडलेली एक फळी आणली, त्याला हळूच तिच्यावर सरकविले आणि खाटेवरचा आजारी माणूस न्यावा तसा आडवाच्या आडवा आमच्या पडवीत आणला. पाठीचा कणा मोडलेला असेल तर उचलताना वाकवल्याने अधिक नुकसान होते, हे त्यांस कोणी शिकविले नव्हते. मात्र दुसरी एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. दुखावलेला कुत्रा कितीही गरीब असला तरी वेदनेने चावतो. म्हणून हात लावण्याआधी त्याचे तोंड फडक्याच्या पट्टीने सैलसर बांधावे, श्वास मोकळा राहील एवढे. तसे न केल्यामुळे चौघांतील धाकट्याच्या मनगटावर दात लागले आणि रक्त आले.

पुढचा अर्धा तास कुत्र्याकडे कोणी पाहिले नाही. मुलाची आजी धावत आली ती हातात मिरचीपूड आणि चुना घेऊनच. आमच्या स्वयंपाकीणबाईंनी तिला दारातच अडविले व मुलाला नळाखाली धरून, साबण लावून, घड्याळ पाहून पंधरा मिनिटे जखम धुतली. हेच योग्य होते. पिसाळण्याच्या रोगाचे विष साबणाने आणि वाहत्या पाण्याने पुष्कळ अंशी नष्ट होते. मिरची, चुना, हळद, तंबाखू यांनी जखम चिघळते, दुसरे काही साधत नाही. मग त्याला सरकारी दवाखान्यात नेले. आजी वाटभर रडत होती, कारण तिच्या लहानपणी गावातील एका गड्याला पोटात चौदा सुया टोचल्या होत्या व तो दिवसचे दिवस कण्हत पडला होता. ती लस १९११ साली कसौलीस डेव्हिड सेंपल यांनी तयार केलेली. भारतात तिचा वापर २००५ सालापर्यंत पुरता बंद झाला. आताची लस दंडात देतात. पहिला दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा बोलावतात, आणि जखमेतून रक्त आले असेल तर जखमेभोवती आणखी एक औषध टोचतात. मुलगा चारही खेपा हसत गेला. आजीला मात्र शेवटपर्यंत वाटत होते की सरकारने दहा सुया चोरल्या.

आता कुत्र्याकडे वळू. जनावरांच्या डॉक्टरांनी त्यास तपासले, त्याची रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांनी मागच्या पायाचे बोट चिमट्याने जोराने दाबले. पाय झटकन् मागे आला. मुलांनी आनंदाने आरोळी ठोकली. डॉक्टर म्हणाले, "पायाकडे पाहू नका, तोंडाकडे पाहा." पुन्हा दाबले. पाय पुन्हा मागे आला. परंतु वाघ्या समोरच्या भाकरीकडेच पाहत होता. मान वळली नाही, डोळा लवला नाही, ओरडला नाही. पाय मागे घेणे हा कमरेखालच्या मज्जातंतूंचा आपापसातील व्यवहार. दुखले ही बातमी मेंदूपर्यंत पोचलीच नव्हती, कारण मधला मज्जारज्जू तुटला होता. चिमटा बसताच कुत्रा मान वळवून कळवळला असता तर काही आशा होती. बेळगावी काढलेल्या क्ष-किरणचित्रात मोडलेला मणका स्पष्ट दिसला. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले की बहुतेक ठिकाणी अशा कुत्र्याला सुई देऊन कायमचे निजवितात आणि ते काही निर्दयपणाचे नव्हे. ज्याची नीट देखभाल होणार नाही त्याला कुजत ठेवणे हाच निर्दयपणा.

आम्हांस हे पटले होते. तसे झालेही असते. परंतु वाघ्या मुलाला चावला होता आणि चावलेल्या कुत्र्याला दहा दिवस जिवंत ठेवून पाहावे लागते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत चावतेवेळी रोग असेल तर तो कुत्रा त्या दहा दिवसांत दगावतो किंवा त्याची लक्षणे उघड दिसतात. दहा दिवसांनंतर तो खातपीत असला तर चावतेवेळी त्याच्या लाळेत तो रोग नव्हता असे समजावे. (म्हणून लस थांबवून वाट पाहत बसू नये, लस चालूच ठेवावी.) अशा रीतीने ज्या चाव्यामुळे वाघ्यावर सर्वांचा राग झाला त्याच चाव्याने त्याला दहा दिवसांचे आयुष्य मिळवून दिले.

दहा दिवसांत आम्ही जे शिकलो ते सेमिनरीच्या नऊ वर्षांत कोणी शिकविले नव्हते. पहिले दोन दिवस त्याचे अंथरूण ओले होत असे, तेव्हा लघवी होते आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोटाला हात लावताच कपाळाला आठ्या घातल्या. मूत्राशय नारळासारखे टणक भरलेले होते. ओले होत होते ते भरलेल्या घागरीच्या काठावरून ओघळणारे पाणी. असे तुंबून राहिले की संसर्ग होतो, तो मूत्रपिंडापर्यंत चढतो आणि कुत्रा त्यानेच मरतो, मणक्याने नव्हे. दोन्ही तळहात पोटाच्या दोन्ही बाजूंनी, मागच्या पायांच्या किंचित पुढे, सपाट ठेवावयाचे. आत फुग्यासारखे लागते ते हळूहळू मागच्या दिशेने दाबावयाचे. धार थांबेपर्यंत सोडावयाचे नाही. बोटे रुतवावयाची नाहीत. हे लिहून कळत नाही, डॉक्टरांच्या हाताखाली एकदा करूनच कळते. आम्हांस चार दिवस लागले. चावलेल्या मुलास एक दिवस लागला.

दुसरी धास्ती माशीची. पावसाळ्यात ओलसर केसांवर माशी अंडी घालते आणि एकदोन दिवसांत अळ्या पडतात. अधू जनावराला त्या उठून झटकता येत नाहीत. स्वयंपाकीणबाई पहिल्या दिवशी "स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला हे लागता कामा नये" म्हणून गरजल्या होत्या. पाचव्या दिवशी त्यांनीच आपल्या नातवाची छत्रीसारखी मिटणारी मच्छरदाणी आणून वाघ्यावर घातली आणि वर आम्हांलाच बजाविले, की ती परत द्यावयाची आहे. ती अद्याप परत गेलेली नाही. सहाव्या दिवशी वाघ्या पुढच्या दोन पायांवर सारे अंग ओढीत त्या उंबऱ्यापर्यंत पोचला आणि तेथे हनुवटी टेकून बसला. उंबऱ्याला लागला तो असा. ओढत चालल्याने मागच्या पायांची कातडी सोलवटली, ते दुखणे निराळे. परंतु त्याची मुद्रा पाहणाऱ्याला तो स्वतःस दुर्दैवी समजत असावा असे म्हणवले नसते. आपले काय गेले याचा हिशेब कुत्रा ठेवीत नाही. भाकरी कोठे आहे एवढे त्याला पुरते.

दहा दिवस संपले. मुलगा सुखरूप, कुत्रा सुखरूप. आणि आता सुई द्यावी असे म्हणणारा पडवीत कोणी उरला नाही, डॉक्टरसुद्धा नाही. मात्र त्यांनी एक अट घातली : ज्या दिवशी तो खाणे सोडील, जखमा भरून येणार नाहीत, दुखण्याला उतार पडणार नाही, त्या दिवशी तुमचा लोभ आड येता कामा नये. ती अट आम्ही मान्य केली. जनावराच्या बाबतीत असा निर्णय घेणे हे पाप नव्हे, हेही येथे सांगून ठेवतो, कारण दोघा-तिघांनी तसे भीत भीत विचारले होते.

गावात बोलणे होऊ लागले. एका शेतकऱ्याने आम्हांस समोरासमोर विचारले, "फादर, माझी बायको आपरेशनासाठी चार महिने थांबलीया, आणि तुमी कुत्र्याचा फोटो काढायला बेळगावला जाता?" आम्ही त्यास उत्तर देऊ शकलो नाही, आजही पुरते देता येत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात या विषयाच्या दोन्ही बाजू एकाच ठिकाणी मांडल्या आहेत : प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही; आणि माणसांच्या हालअपेष्टांवर जो पैसा आधी खर्च व्हावयाचा तो प्राण्यांवर खर्च करणेही शोभत नाही. आम्ही एवढेच केले, की वाघ्यावर देवळाचा एक रुपयाही खर्च केला नाही. जो काही झाला तो आमच्या खिशातून आणि मुलांनी काजूच्या बिया विकून साठवलेल्या पैशांतून. त्या बाईंचे ऑपरेशन पुढे सप्टेंबरात झाले. त्यासाठी जी वर्गणी झाली तिची आठवण सर्वांना या कुत्र्यावरून झालेल्या भांडणानेच दिली, हेही खरे आहे.

दुसऱ्या एकाने सोपा उपाय सुचविला : रात्री घाटात नेऊन सोडा. असे अनेकजण करतात, म्हणून लिहितो. खाणेपिणे न मिळून हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा १९६० सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. हा कायदा व्हावा म्हणून नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आधी खाजगी विधेयक आणले होते. पंडित नेहरूंनी सरकार स्वतः कायदा आणील असे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि १९६२ साली प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले तेव्हा त्याच पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९६० साली कायद्यात पहिल्या गुन्ह्यास दंड लिहिला गेला तो पन्नास रुपयांपर्यंत. तेव्हा पन्नास रुपये ही रक्कम होती. पुढे तिचे मोल फोडणीच्या तेलाइतकेही उरले नाही. तेव्हा दंडाच्या भीतीने कोणी थांबत असेल असे आम्ही म्हणत नाही.

घर शोधणे भाग होते. धर्मगुरूची बदली केव्हा होईल याचा नेम नसतो. आज येथे, उद्या शंभर मैलांवर. असल्या माणसाने असला प्राणी कायमचा पाळू नये. म्हणून मुलांनी पहिला कागद लिहिला आणि तो आम्ही डोळ्यांखालून घालून लावू दिला. त्यात होते : "सुंदर, प्रेमळ, गुणी कुत्रा. अपघातात पाय गेले आहेत. दया असणाऱ्यांनी न्यावा." एकही शब्द खोटा नव्हता. पण जे सांगावयाचे ते त्यात नव्हते.

पुष्कळ लोक आले. बहुतेकांनी डोळे पुसले, चुकचुकले आणि निघून गेले. शेवटी शहरातील एक सुखवस्तू कुटुंब आले. घरात मुले, दाराशी मोटार, बोलणे गोड. मुलांनी वाघ्याला मांडीवर घेतले. आम्ही लघवीचे सांगितले, पण ओझरते. "थोडे दाबावे लागते, सवयीने जमते," असे म्हणालो. ते परत फिरतील या भीतीने म्हणालो, हे कबूल करतो. चौथ्या दिवशी रात्री मोटार परत आली. वाघ्याच्या कमरेखाली लघवीने कातडी भाजल्यासारखी लाल झाली होती. तो कण्हतो म्हणून घरातील बाईंनी दयेपोटी आपल्या अंगदुखीच्या गोळ्या, आयबुप्रोफेनच्या, त्याला दोन दिवस दिल्या होत्या. माणसाची ही गोळी कुत्र्याच्या पोटात व्रण पाडते आणि मूत्रपिंड बिघडविते. त्याला रक्ताची उलटी झाली होती. ती बाई दारात उभी राहून रडत होती आणि "आम्हांला कोणी सांगितलेच नाही" एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. सांगणे आमचे काम होते. तीन दिवस सलाईन लावून वाघ्या वाचला. त्यानंतर आम्ही पहिला कागद काढला आणि आरंभी दिला आहे तो दुसरा लिहिला.

मधल्या काळात एक गोष्ट घडली होती, तिचे महत्त्व आम्हांस तेव्हा कळले नाही. गावातील एक मावशी आपल्या यजमानांच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाची मिस्सा सांगण्यासाठी आल्या होत्या. त्यांचे यजमान फणसाच्या झाडावरून पडून कमरेखाली लुळे झाले आणि २०१५ सालापासून २०२१ सालापर्यंत, सहा वर्षे, अंथरुणावर होते. पैसे देऊन, चिठ्ठी घेऊन मावशी पडवीतून जाऊ लागल्या आणि वाघ्यापाशी थबकल्या. त्यांनी चुचकारले नाही की हळहळल्या नाहीत. खाली बसून त्यांनी त्याला सरळ दुसऱ्या कुशीवर वळविले आणि वरच्या बाजूस आलेल्या खुब्याच्या हाडावरचे केस बोटांनी बाजूला केले. तेथे रुपयाएवढा तांबूस डाग होता. आम्ही दिवसभर त्याला पाहत होतो, आमच्या दृष्टीस पडला नव्हता.

"फादर, ह्याला ह्या कुशीवर कवाधरनं ठेवलाय?"

सकाळपासून असेल, असे आम्ही म्हणालो.

"हे परवा फुटतंय बघा. खाली मऊ गादी घाला, आणि चादरीला सुरकुती नको." एवढे बोलून त्या पावसात निघून गेल्या. डाग फुटला नाही.

दुसरा कागद लागल्यावर पंधरा दिवस कोणीही आले नाही. तिसऱ्या रविवारी मावशी आल्या त्या तक्रार घेऊन. "कागदात सगळं लिहिलाय, रात्रीचं लिहिला नाही ओ. रात्री कोण वळवायचं?"

त्यांचे म्हणणे बरोबर होते. दर चार तासांनी असे आम्ही लिहिले होते, परंतु लिहिताना आमच्या मनात दिवसच होता. रात्री दोन वाजता उठावे लागते, हे लिहावयाचे राहिले. आणि खरे सांगावयाचे तर त्या पंधरा दिवसांत दोनदा आम्ही उठलोही नव्हतो. कागदावर ते वाक्य घालू, असे आम्ही म्हणालो. मावशी म्हणाल्या, "घालू नका. मी नेतो त्याला." (आमच्या भागातील बायका 'नेतो', 'बघतो' असेच म्हणतात, परगावच्या वाचकांनी छपाईची चूक समजू नये.)

आम्ही नाही म्हटले. मनात आधीच त्यांचे नाव आले होते आणि ते आम्ही मुद्दाम बाजूला सारले होते. ज्या बाईने सहा वर्षे हेच केले आणि नुकताच कोठे मोकळा श्वास घेतला, तिच्या पदरात पुन्हा तेच घालणे आम्हांस लाजिरवाणे वाटत होते. त्यांच्या मुलाचेही मत तेच पडले. तो पुण्यास कारखान्यात नोकरीस आहे. त्याने रात्री फोन केला, अदबीने पण तापून. "फादर, आईने सहा वर्षे बाजार पाहिला नाही. बहिणीच्या लग्नात ती अर्ध्या दिवसात परतली. आता मी तिला पुण्याला बोलावतोय, आणि तुम्ही तिला कुत्र्याला बांधून घालणार?" आम्ही त्यास सांगितले की आम्ही तुझ्याच बाजूचे आहोत.

दुसऱ्या दिवशी आम्ही मावशींकडे गेलो आणि मुलाचे म्हणणे, त्याला आपले जोडून, सांगितले. त्या तांदूळ निवडीत होत्या. निवडणे न थांबवता म्हणाल्या, "अजून रात्री दोनला जाग येतीया मला. दोन वर्सं झाली. उठून बसतो. वळवायचं कोण नसतंय. मग उजाडंपर्यंत तशीच बसतो." थोड्या वेळाने त्यांनी सूप खाली ठेवले. "पोराला वाटतंय, काम सुटलं म्हणून बरं झालं. हाताला येतंय ते काम चुलीत घालायचं काय? त्याला सांगा, हे माणूस न्हवं, कुत्रं हाय. हे मेलं तर मी सहा महिने निजून ऱ्हाणार न्हाई."

आम्ही उठलो ते मुलाला पुन्हा फोन करण्यासाठी. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, ती पुण्याला आली तर कुत्र्याचे काय?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरला, आणि तो आईला अडविण्यासाठी उठलेल्या मुलाने विचारावा हे योग्यच झाले. अधू प्राण्याला एक घर पुरत नाही. दीड घर लागते. मावशी आजारी पडल्या, गावाला गेल्या, तर दुसरे शिकलेले हात हवेत. ते हात होते : चावलेल्या मुलाचे. मग आम्ही एक साधा कागद केला. पंधरा दिवस चाचणी. त्यानंतर मावशींना नको वाटल्यास कारण न विचारता कुत्रा परत घ्यावा व त्यात त्यांना कमीपणा नाही. औषधांचा व लसीचा खर्च आमच्याकडे. आमची बदली झाल्यास आधी त्याची तजवीज करूनच आम्ही जावे. मावशी गावात नसतील तेव्हा तो मुलगा. डॉक्टरांची अट शेवटी. मावशींनी सही केली, मुलाने केली, त्याच्या आजीने अंगठा उठविला. वाघ्याला लस टोचून, खच्ची करून, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मच्छरदाणीसकट त्याच फळीवर मावशींच्या घरी पोचविले.

गाडीची हकीकत थोडक्यात सांगतो. गावातील सायकल दुरुस्तीवाल्याने नळाच्या प्लास्टिक नळ्या आणि लहान मुलाच्या मोडक्या सायकलची चाके जोडून मागच्या पायांसाठी गाडी केली. पहिली इतकी जड झाली की वाघ्या तिला ओढण्याऐवजी तिच्यासकट मागे कलंडला. दुसरीत चाके थोडी पुढे, खुब्याच्या रेषेत घेतली, जांघेखाली जुन्या सतरंजीची पट्टी लावली, आणि तो सुटला तो थेट मावशींच्या शेजारणीच्या कोंबड्यांत. गाडीत फार वेळ ठेवावयाचे नसते, कारण तीत त्याला आडवे होता येत नाही आणि पट्टीच्या जागी घासते. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, मग काढून कातडी तपासावयाची. कोंबड्यांचे नुकसान आम्ही भरून दिले.

मुलगा दिवाळीच्या सुट्टीत आला तेव्हा दोन दिवस वाघ्याकडे पाहिले नाही म्हणे. तिसऱ्या रात्री दोन वाजता त्याला जाग आली तर आई उठून, दिवा न लावता, अंधारातच कुत्र्याला वळवून, चादर सारखी करून परत येऊन निजली; आणि लगेच घोरू लागली. हे त्याने आम्हांस स्वतः येऊन सांगितले. बाकी काही बोलला नाही. जाताना घराच्या पायरीला फळी टाकून उतार करून गेला.

२०२४ सालच्या नोव्हेंबरात त्याला मुलगी झाली आणि मावशी अठ्ठावीस दिवस पुण्यास राहून आल्या. तेवढे दिवस वाघ्या त्या मुलाकडे होता. मावशींनी जाताना बजावल्याप्रमाणे त्याने प्रत्येक वेळी पोट दाबून झाले की पडवीच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढली, दिवसाला चार. परत आल्यावर मावशींनी आधी कुत्र्याचे खुबे पाहिले, मग मुलाला लाडू दिला, आणि मग भिंतीपुढे उभे राहून रेघा मोजल्या. एकशे बारा व्हावयाच्या होत्या. एकशे अकरा भरल्या. मुलगा म्हणतो, एक रेघ त्याच्या आजीने भिंत सारवताना पुसली. आजी म्हणते, तिने ती भिंत सारवलीच नाही.